उंबरठ्याच्या आंतील चित्रपट

(महोत्सवी सभेंत वाचलेलें भाषण)



या महोत्सवाच्या निमित्तानें वडील माणसांच्या आठवणी गोळा करण्याचें काम आपल्या धर्मग्रामांत चाललें आहे, आणि त्या आठवणी हल्लींच्या रीतीप्रमाणें चित्रयंत्रानें टिपून ठेवाव्यात असें पुष्कळांच्या मनांत आहे. आम्हां दोघां बहीणभावांनीं २०२० च्या टाळेबंदींत आमच्या आजीवर एक लहानसा अनुबोधपट केला होता, हें कोणाच्या तरी ध्यानांत होतें. म्हणून त्याची हकीकत येथें सांगावी अशी आम्हांस आज्ञा झाली. चित्रपट बावीस मिनिटांचा आहे आणि त्यास कोठें बक्षीस वगैरे मिळालेलें नाहीं. परंतु तो करतांना आमच्यापुढें जो प्रश्न उभा राहिला, तो ज्याच्या घरांत म्हातारें माणूस आहे आणि हातांत मोबाईल आहे अशा प्रत्येकापुढें आज ना उद्यां उभा राहणार आहे. घरच्या माणसाचें चित्र घेण्याचा आपणांस अधिकार किती, आणि तें चारचौघांत मांडण्याचा किती? त्यासंबंधींच बोलण्याचें योजिलें आहे.

आधीं त्या दिवसांची थोडी आठवण देतों, कारण लहान मुलांस ती आतां ऐकीव झाली आहे. २२ मार्च २०२० रोजीं जनता संचारबंदी झाली. त्याच रात्रीं मुंबईच्या उपनगरी आगगाड्या थांबल्या, आणि २५ मार्चपासून सबंध देशास कुलूप लागलें. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी अशीं स्थानकें घेत खोपोलीस येणारी आमची गाडी सर्वसाधारण उतारूंस पुन्हां मोकळी झाली ती १ फेब्रुवारी २०२१ रोजीं, आणि तीही ठराविक वेळांपुरती. आम्हां दोघांपैकीं बहीण मुंबईस माध्यमविद्येच्या शेवटच्या वर्षांत शिकत होती. परीक्षेसाठीं एक अनुबोधपट, ज्यास हल्लीं माहितीपट म्हणतात, करून द्यावयाचा होता, आणि विषय ठरला होता नेरळ-माथेरानच्या लहान आगगाडीचा. १९०७ सालीं सुरू झालेली ती गाडी २०१९ च्या पावसांत रूळ वाहून गेल्यामुळें बंद होती. तिच्या रिकाम्या मार्गानें चालत जाऊन चित्रें घ्यावीं असा बेत होता. तो जागच्या जागीं राहिला. शिक्षकांनीं मोबाईलवरून कळविलें, "उंबरठ्याच्या आंत जें असेल त्यावर करा." उंबरठ्याच्या आंत आईवडील, आम्ही दोघे, एक मांजर आणि आजी. आईवडिलांस कामें होतीं, मांजर एके ठिकाणीं बसत नसे, राहिली आजी. विषयाची निवड अशी झाली.

घरच्या माणसाचें चित्र घेणें ही तशी नवी गोष्ट नव्हे. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस शहरीं ल्युमियेर बंधूंनीं पैसे घेऊन चलच्चित्रांचा पहिला खेळ केला. त्यांतल्या एका चित्रांत धाकट्या भावानें थोरल्या भावाचें कुटुंब टिपलें आहे. आईबाप बागेंत बसले आहेत आणि तान्ह्या मुलीस भरवीत आहेत, एवढेंच. पुढें १९७५ च्या सुमारास त्याच शहरांत आन्येस वार्दा या बाईंस घरीं लहान मूल असल्यामुळें दूर जातां येईना. त्यांनीं आपल्या घरच्या विजेच्या जोडणीस सुमारें ९० मीटर तार जोडली, आणि ती तार जेथवर पोंचेल तेथवरच्या दुकानदारांचाच चित्रपट केला. अमेरिकेंत मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं १९७४ सालीं न्यूयॉर्कमधील राहत्या घरांत आपल्या आईबापांस बोलतें केलें. आई बोलतां बोलतां खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा शिजविते, आणि चित्रपटाच्या अखेरीस नांवांच्या यादींत त्या रश्श्याची कृति दिलेली आहे. हीं उदाहरणें शिक्षकांनींच आम्हांस सांगितलीं. तीं ऐकून धीर आला, कारण तोंवर आम्हांस असें वाटत होतें कीं विषय बाहेर असतो आणि घरांत फक्त आपण असतों.

साधनें म्हणाल तर एक बरा मोबाईल, एक फुटक्या कांचेचा जुना मोबाईल, आणि पिठाचा डबा. डबा पालथा घालून त्यावर उशी, उशीवर चांगला मोबाईल टेकवावयाचा, म्हणजे चित्र हलत नाहीं. चित्र दुरून चांगलें येतें, पण आवाज दुरून येत नाहीं. म्हणून जुना मोबाईल फडक्यांत गुंडाळून आजीच्या पुढ्यांतील परडींत ठेवावयाचा, आणि दोन्ही सुरू झाले कीं एकदां टाळी वाजवावयाची. मागाहून जोडकाम करतांना टाळीचें चित्र आणि टाळीचा आवाज एकमेकांस जुळविला म्हणजे पुढचें सर्व जुळत जातें. मोठ्या चित्रशाळांत फळीचे दोन तुकडे आपटतात त्याचा हेतु हाच. आजीला ही टाळी फार आवडली. थोड्याच दिवसांत ती आपणच टाळी वाजवूं लागली, आणि ती वाजविल्याखेरीज एक अक्षर बोलावयाची नाहीं. यंत्रानें कधीं ऐकावें आणि कधीं ऐकूं नये, हें त्यामुळें तिच्या हातीं राहिलें. पुढें जें घडलें त्यांत या टाळीचें काम आहे, म्हणून इतका विस्तार केला.

खोपोलीच्या मंडळींस सांगावयास नको कीं आमच्याकडे शांतता म्हणून नसते. बोरघाट चढणाऱ्या मालमोटारींची घरघर रात्रंदिवस चालते. पुण्याचा जुना रस्ता एकीकडे, २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगति मार्ग दुसरीकडे. टाळेबंदीच्या पहिल्या पंधरवड्यांत ती घरघर जवळजवळ थांबली, आणि आमच्या परडींतल्या फुटक्या मोबाईलनें कधीं न ऐकलेलें ऐकूं लागला: तांदूळ सुपांत उडतांना होणारा आवाज, बांगड्यांचा आवाज, आजी बोलतांना मध्येंच श्वास घेते तो. चित्रविद्येंतील लोक प्रकाशाविषयीं फार बोलतात. आमच्या मतें त्या वर्षीं गरिबांच्या मुलांस जें फुकट मिळालें तें आवाजाच्या बाजूनें मिळालें. मे महिन्यापासून वाहनें वाढलीं, जूनपासून पत्र्यावर पाऊस वाजूं लागला, आणि तो लाभ सरला.

आजी पहिल्या दिवशीं म्हणाली, "माझं काय काढायचंय? म्हातारी काय बघायची असती व्हय?" तरी दुसऱ्या दिवशीं पेटींतलें लुगडें नेसून बसली. आठ दिवसांनीं पेटींतलें लुगडें पेटींत गेलें आणि रोजचें आलें, तेव्हां आम्हीं ओळखलें कीं आतां काम सुरू झालें. ती भिजवून मोड आणलेल्या वालांचें बिरडें सोलीत असे. हें काम ती खोपोलीस आल्यावर शिकली. तिचें माहेर आणि सासर तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत, तिकडे ज्वारी-बाजरीचा मुलूख. १९७३ सालीं आजोबांस येथल्या कारखान्यांत काम लागलें, तेव्हां ती या घाटाच्या पायथ्याशीं आली. सोलतां सोलतां ती सांगे, पहिल्या पावसाळ्यांत तिला वाटलें कीं हा पाऊस आतां थांबणारच नाहीं आणि सर्व जग बुडणार. शेजारणी तिला हंसल्या. असें तिचें बोलणें आम्हीं सुमारें चार तास टिपून ठेविलें. तें गोड होतें, पण त्यांत १९७३ च्या पूर्वीचें कांहीं नव्हतें. विचारलें कीं ती म्हणे, "तवा दुष्काळ व्हता," आणि परडी उचलून आंत जाई.

येथें एक सरकारी गोष्ट सांगतों. चित्रीकरणें सर्व देशांत मार्च २०२० पासून थांबलीं होतीं. आपल्याच तालुक्यांत चौकजवळ नितीन देसाई यांनीं २००५ सालीं उभारलेली मोठी चित्रनगरीही त्यास अपवाद नव्हती. ३० मे २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें चित्रीकरण पुन्हां सुरू करण्याचे नियम काढले, त्यांत ६५ वर्षांवरील कोणींही चित्रीकरणाच्या जागीं येऊं नये अशी अट होती. म्हातारे नट पोटासाठीं न्यायालयांत गेले आणि ७ ऑगस्ट रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती अट रद्द ठरविली. मधले दोन महिने मात्र अशी स्थिति होती कीं या राज्यांत म्हाताऱ्या माणसाचें तोंड चित्रांत यावयाचें तर तें घरच्या माणसानेंच घ्यावें. सत्तरी उलटलेली आमची आजी हें ऐकून म्हणाली, "म्हंजी मला तुमच्याबिगर गिऱ्हाईक नाय!"

घरच्यानें घेतलेलें चित्र मायेचेंच असतें, असा समज आहे. तो तपासून पाहावा लागतो. कर्जतहून कल्याणकडे जातांना भिवपुरी रोड, नेरळ आणि शेलू यांच्यानंतर वांगणी स्थानक लागतें. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागलेल्या 'राजा हरिश्चंद्र' या मूकपटाचीं उघड्यावरचीं दृश्यें घेण्यास दादासाहेब फाळके यांनीं आपली मंडळी तेथें नेली होती. ढालीतलवारी घेतलेलीं माणसें पाहून गांवकऱ्यांस दरोडेखोर आले असें वाटलें, ही गंमत पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच चित्रीकरणांतील दुसरी एक हकीकत फाळक्यांच्या चरित्रांत सांगतात. रोहिदासाचें काम त्यांचा मुलगा भालचंद्र करीत होता. खेळतां खेळतां तो खडकावर पडला, डोक्यास खोंक पडली आणि बेशुद्ध झाला. मुंबईस न्यावें, काम थांबवावें, असें सोबतचे लोक म्हणूं लागले. पुढचें दृश्य मेलेल्या रोहिदासाचें होतें. फाळक्यांनीं मुलावर जवळ होते ते उपचार करविले आणि तें दृश्य त्या निपचित पडलेल्या मुलासहच घेतलें. मुलगा बरा झाला. फाळक्यांनीं या धंद्यांत आपलें सर्वस्व ओतलें होतें, सरस्वतीबाईंनीं दागिने दिले होते, रात्रीं बसून फितीस भोकें पाडलीं होतीं, मंडळींस रांधून घातलें होतें. त्या घरानें जें सोसलें त्याचा हिशेब आम्ही करूं शकत नाहीं, आणि त्या एका दिवसावरून बापास दोष देणें आम्हांस शोभणार नाहीं. पण ही गोष्ट वाचल्यापासून एक विचार आमच्या मनांतून जात नाहीं: त्या चित्रांतल्या मुलाला, नको, असें म्हणतां येत नव्हतें. परका चित्रकार असतां तर आई मध्यें पडली असती. चित्रकारच बाप असला म्हणजे मध्यें कोणीं पडावें?

आतां मूळ गोष्टीकडे येतों.

मे महिन्यांत मुंबईकडून पुण्याकडे माणसांची रीघ लागली. डोक्यावर गांठोडें, कडेवर पोर, असे लोक घाट चढत होते. आजी दारांत बसून पाहात असे आणि पाण्याची कळशी भरून बाहेर ठेवीत असे. ८ मे २०२० रोजीं पहांटे जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले मजूर थकून रुळांवरच निजले असतां मालगाडीखालीं सांपडले आणि १६ जण मेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचें चित्र संध्याकाळीं दूरदर्शनवर दाखविलें. आजीनें तें पाहिलें, उठून गेली, आणि त्या रात्रीं जेवली नाहीं. दुसऱ्या दिवशीं परडी, डबा, मोबाईल सर्व मांडलें. आजी बसली, वाल सोलले, पण टाळी वाजविली नाहीं. असे तीन आठवडे गेले. शिक्षकांकडून विचारणा येई; आम्हीं उत्तर कळविलें कीं काम थांबलें आहे. तिला विचारीत बसणें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

३ जून रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूनें आपल्या जिल्ह्यांत शिरलें. त्या दिवसाची हकीकत येथें बसलेल्यांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे; पत्रे उडाले, झाडें पडलीं, विजेचे खांब आडवे झाले. आमच्याकडे वीज पुष्कळ दिवस आली नाहीं. मोबाईल शेजाऱ्यांच्या मोटारीवर भरून आणावे लागत. तिसऱ्या रात्रीं सर्व घर अंधारांत ओसरीवर बसलें होतें. बाहेर बेडूक ओरडत होते. आजीनें विचारलें,

"पोरी, ते यंत्र हाय का जवळ?"

"आहे, आजी."

"त्याला दिसतंय का या अंधारात?"

"नाहीं. नुसतें ऐकूं येईल."

"मग ऐकू दे."

आणि अंधारांत टाळी वाजली.

तिनें जें सांगितलें तें चार मिनिटांचें आहे. १९७२ सालच्या दुष्काळांत गांवांतली विहीर आटली तेव्हां ती, आजोबा आणि दोन मुलें पायीं निघून दुष्काळी कामावर गेलीं. थोरला मुलगा चार वर्षांचा, म्हणजे आमचे वडील. धाकटी मुलगी दीड वर्षाची. आमच्या वडिलांस बहीण होती हें आम्हांस त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतें. पाझर तलावाचें काम होतें. आजी खडी फोडी, आजोबा माती वाहात. कामावर सुकडी मिळे, आणि धान्य म्हणजे परदेशांतून आलेला तांबडा मिलो. त्याची भाकर मुलीच्या पोटांत ठरेना. मुलीस ताप आला तेव्हां आजी दोन कोस चालून एका नात्यांतल्या सुखवस्तु माणसाकडे पायलीभर ज्वारी मागावयास गेली. त्याच्या घरीं कणगी भरलेली होती. आजीला ती उघड्या दारांतून दिसली. त्यानें दार लावून घेतलें. पांचव्या दिवशीं मुलगी गेली. धर्मगुरु जवळपास नव्हते. तलावाच्या भरावाच्या बाजूस खड्डा घेतला, आजोबांनीं फोडलेल्या दगडांतून एक चपटा दगड निवडून त्यावर टिकावानें क्रूस ओढला, आणि दुसऱ्या दिवशीं दोघें कामावर गेलीं, कारण हजेरी मांडली जात होती. पुढच्या पावसांत तलाव भरला आणि ती जागा पाण्याखालीं गेली. "आता तिथं बारमाही पाणी असतं म्हणत्यात," असें म्हणून ती थांबली. मुद्रणांत यानंतर खाटेची दोरी करकरते. वडील उठून बाहेर गेले तो तो आवाज.

दुष्काळानंतर १९७७ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीचा कायदा झाला, त्याविषयीं पुस्तकांत पुष्कळ लिहिलेलें आहे. त्या पुस्तकांत आमची आत्या नाहीं, आणि ती असावी अशी अपेक्षाही नाहीं.

वीज आल्यावर आम्हीं तें मुद्रण प्रथम आजीस ऐकविलें. तिनें मोबाईल कानास लावला, जणूं कोणी पलीकडून बोलतें आहे. मध्येंच म्हणाली, "ही कोण म्हातारी? माझा आवाज असा?" शेवटपर्यंत ऐकलें. मग म्हणाली, "राहू दे. पोरीचं नाव राहू दे. पर त्याचं नाव काढा."

दार लावणाऱ्या माणसाचें नांव तिनें दोनदां घेतलें होतें.

"का, आजी?"

"त्याची नातवंडं तिथंच नांदत्यात. त्यांनी काय केलं?"

मग वडिलांस विचारलें, कारण गोष्ट त्यांच्या बहिणीची होती. ते म्हणाले, "आईनें होय म्हटलें तर माझें नाहीं नाहीं. पण मी समोर असतांना दाखवूं नका." तें आम्हीं पाळलें आहे.

तें नांव काढणें सोपें काम नव्हतें. नुसतें कापलें तर आवाजांत भोंक पडतें आणि ऐकणारा दचकतो. सुदैवानें बोलणें संपल्यावर जुना मोबाईल बराच वेळ चालूं राहिला होता. त्यांत त्या रात्रीची नुसती शांतता आणि बेडूक होते. त्यांतले दोन लहान तुकडे घेऊन नांवाच्या जागीं बसविले. आज तें ऐकतांना आजी "मी गेले त्या" असें म्हणते, क्षणभर बेडूक ओरडतात, आणि मग पुढचें वाक्य येतें.

शिक्षकांस दोन गोष्टी पसंत पडल्या नाहींत, आणि त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. पहिला असा कीं चित्रपट डोळ्यांसाठीं असतो. चार मिनिटें काळा पडदा ठेविला तर लोक यंत्र बिघडलें असें समजतील, म्हणून तेथें दुष्काळाचीं जुनीं छायाचित्रें घालावीं. यास आमचें उत्तर असें होतें कीं तीं छायाचित्रें दुसऱ्या कोणाच्या तरी मुलांचीं आहेत. आजी अंधार होता म्हणून बोलली. तो अंधार काढून तेथें भलतेंच चित्र ठेवणें म्हणजे तिच्याशीं झालेला करार मोडणें. दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. ते म्हणाले, नांव काढल्यानें असें वाटतें कीं मुलगी आभाळामुळें मेली. वस्तुतः ती बंद दारामुळें मेली, आणि कणग्या भरलेल्या असतां दारें लावणाऱ्यांचीं नांवें कधींच कोठें नोंदलीं जात नाहींत, हीच तर या देशाची रड आहे. यावर आम्हीं पुष्कळ विचार केला. बंद दार चित्रपटांत आहे, कणगीही आहे. तें नांव जर आम्हीं स्वतः शोधून काढलें असतें तर तें ठेवावें कीं काढावें याचा निर्णय आमचा असता. पण तें आजीचें होतें. ४८ वर्षें तिनें तें पोटांत ठेविलें, एका रात्रीं उच्चारलें आणि मग परत मागितलें. जिचें मूल गेलें तिनें क्षमा केली कीं नाहीं हेंही आम्हांस ठाऊक नाहीं. तिनें तसें म्हटलें नाहीं, नातवंडांविषयीं म्हटलें. जिचा घाव आहे तिच्याहून अधिक कडक होण्याचा अधिकार ऐकणाऱ्यास नाहीं, असें आमचें मत तेव्हां झालें आणि आजही तेंच आहे. गुण थोडे कमी पडले, पास झालों.

यानंतर तीन वर्षांनीं, २०२३ सालीं, मुंबईचे आनंद पटवर्धन यांचा 'वसुधैव कुटुंबकम्' हा अनुबोधपट आला आणि टोरोंटो येथील महोत्सवांत दाखविला गेला. पटवर्धनांनीं जन्मभर जगाच्या भांडणांचे चित्रपट केले. हा मात्र त्यांच्या आईवडिलांचा आहे. आई निर्मला सिंधमध्यें जन्मलेल्या, शांतिनिकेतनांत शिकलेल्या, मातीच्या भांड्यांच्या कलेंत नामांकित. वडिलांचे बंधु रावसाहेब आणि अच्युत पटवर्धन स्वातंत्र्याच्या लढ्यांतील प्रसिद्ध पुरुष. आईवडील थकत चालले तेव्हां मुलानें चित्रपट करावयाचा असें कांहीं न ठरवितां, घरांतल्या घरांत त्यांचें हंसणें-बोलणें टिपून ठेविलें. दोघेंही गेलीं, आणि तीं फितींतलीं चित्रें वर्षानुवर्षें तशींच राहिलीं. मग त्यांचा चित्रपट झाला. ज्याच्या हातीं एवढें सामर्थ्य होतें त्यानें इतकी वाट पाहिली, ही गोष्ट आम्हांस चित्रपटाइतकीच मोठी वाटते. याच्या उलट रीत अमेरिकेंतील कर्स्टन जॉन्सन यांची. वडिलांची स्मृति जाऊं लागली तेव्हां त्यांनीं वडिलांसच सोबतीस घेऊन, त्यांच्या मरणाचीं सोंगें रचून, हंसतखेळत एक चित्रपट केला. तो २०२० सालींच, आमच्या टाळेबंदींत, लोकांपुढें आला. एकानें थांबून, दुसरीनें आधीं विचारून. पण ज्याचें चित्र त्याचा त्यांत वांटा दोघांनींही मानिला.

आपल्या धर्मग्रामांतील जी तरुण मंडळी आतां घरोघर जाऊन वडील माणसांस बोलतें करणार आहेत, त्यांस आमच्या अनुभवांतल्या कांहीं बारीकसारीक गोष्टी सांगतों. आवाज जवळून घ्या. चित्र वाईट आलें तर चालतें, आवाज वाईट आला तर सर्व फुकट जातें. प्रत्येक बैठकीनंतर दोन मिनिटें कोणीं न बोलतां खोलीची शांतता टिपून ठेवा, ती कोठें कामास येईल सांगतां येत नाहीं. हातांत काम असलेलें माणूस चांगलें बोलतें; वाल, गोधडी, जाळें, जें असेल तें असूं द्या. म्हातारें माणूस गप्प झालें तर पुढचा प्रश्न घाईनें विचारूं नका. यंत्र सुरू झाल्याची खूण त्यांच्या हातीं द्या. आणि जोडकाम झाल्यावर पहिला खेळ त्यांच्यासाठीं करा, शेजाऱ्यांसाठीं नव्हे. मोबाईलवरून मोबाईलवर एकदां गेलेली चीज परत येत नाहीं. तेव्हां हा क्रम चुकवून भागणार नाहीं.

त्या रात्रीच्या मूळ मुद्रणाचें काय केलें, असें कोणी विचारील. त्याची एकच प्रत ठेविली आहे, नखाएवढ्या पत्रीवर. ती एका पाकिटांत घालून आजीला दिली. तिनें ती आपल्या पेटींत, पेटींतल्या लुगड्याखालीं ठेविली, आणि किल्ली तिच्या कमरेस असते.

आतां चित्रपट दाखविण्यांत येईल. आमचे वडील त्या वेळीं बाहेर मांडवांतल्या जेवणाच्या पंगती पाहात असतील. त्यांस कोणीं आंत बोलावूं नये. बारा मिनिटें झाल्यावर पडदा काळा होईल आणि बराच वेळ काळा राहील. यंत्र बिघडलें असें समजून दिवे लावूं नयेत, अशी मागच्या मंडळींस विनंति आहे. आजी स्वतः सभेंत आलेली आहे. ती कोठें बसली आहे हें सांगूं नये, या अटीवरच ती आली.